कामगार हक्कांची फेलोशिप लागली, पण सनदेचं काय?

फेलोशिप लागली की पहिला फोन घरी जातो आणि दुसरा आमच्यासारख्यांना, आता कुठले कागद लागतील म्हणून. मार्कशीट, आधार, फोटो हे तुमच्याकडे असतंच, त्यात वेळ घालवत नाही. गाडी अडते ती वेगळ्याच ठिकाणी.

एक म्हणजे सनद, वकिली करायचा परवाना. जाहिरातीत 'एनरोल्ड ॲडव्होकेट', म्हणजे नोंदणी झालेला वकील, लिहिलेलं असतं आणि पोरं एलएलबीचा निकाल लागला की अर्ज ठोकून मोकळी होतात. अहो, नुसत्या डिग्रीने वकील होत नाही, राज्याच्या बार कौन्सिलकडे नाव लागावं लागतं. आणि तिथे फाइल परत येते ती बहुतेकदा नावावरून, दहावीच्या सर्टिफिकेटवर एक, डिग्रीवर दुसरं, मुलींचं लग्नानंतर तिसरं. नावबदलाचं गॅझेट करायचं असेल तर फेलोशिपच्या तारखेची वाट न बघता आजच करायला द्या. नोंदणीच्या फीचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाने जुलै 2024 मध्ये सांगून टाकलंय की कायद्यात आहे तेवढीच घ्यायची, म्हणजे 750 रुपये आणि एससी-एसटी उमेदवारांना 125, स्टॅम्प ड्युटी काय ती वेगळी. काही राज्यांत आधी हीच फी हजारोंच्या घरात होती! अजूनही कोणी जास्त मागितले तर कशाचे ते पावतीवर लिहून मागा.

दुसरं, एआयबीई, म्हणजे वकिलांची अखिल भारतीय बार परीक्षा. सनद मिळाली तरी ही परीक्षा पास होईपर्यंत ती तात्पुरतीच, आणि पास व्हायला मुदत दोन वर्षांची. ही दोन वर्षं सनदेच्या तारखेपासून मोजायची, फेलोशिप सुरू झाल्यापासून नाही, हे दर वर्षी कोणीतरी चुकतंच. परीक्षेचा महिनाही ठरलेला नसतो, त्यामुळे पुढच्या वेळी बघू म्हणत बसलात तर दोन वर्षं कधी सरली कळणार नाही. पेपर 100 मार्कांचा, पासिंग 45 आणि एससी-एसटीला 40, बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याच्या नुसत्या मजकुराची पुस्तकं, आत नेता येतात. पण कोरी न्या, बाजूला टिपा लिहिलेली चालत नाहीत.

आता खरी मेख. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम 49 म्हणतो की प्रॅक्टिस करणारा वकील कुणाकडेही पूर्णवेळ पगारी नोकर असू शकत नाही, तशी नोकरी धरली तर कौन्सिलला कळवायचं आणि नोकरी असेपर्यंत प्रॅक्टिस बंद. आणि फेलोशिप देणाऱ्या संस्था काय करतात, तर आपलं नेहमीचं नोकरीचं अपॉइंटमेंट लेटर काढून त्यात फक्त 'फेलो' हा शब्द टाकतात. वर पीएफ कापतात, पगार म्हणून टीडीएस कापतात आणि त्याच पोराला कोर्टात उभं करतात. उद्या समोरच्या वकिलाने तक्रार केली तर उत्तर संस्था देणार नाही, तुम्ही देणार. म्हणून सही करायच्या आधी पत्र नीट वाचा. मानधन आहे का पगार, काम पूर्णवेळ नोकरीचं आहे का, स्वतःच्या वकालतनाम्यावर (पक्षकाराने वकिलाला दिलेलं अधिकारपत्र) केस चालवायला मोकळीक आहे का, हे शब्दांत आलं पाहिजे. नुसतं 'पगार' खोडून 'मानधन' लिहून भागत नाही, व्यवहारही तसाच हवा. शंका असेल तर कौन्सिलला लेखी विचारा, पोच घ्या. उत्तर यायला वेळ लागतो, ते लोक काही आपल्यासाठी धावत नाहीत, पण पोच तरी हातात राहते.

एवढं सगळं करून काळा कोट घालून गेलात तरी कामगारांच्या कामात एक गंमत आहेच. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 36 प्रमाणे समेट अधिकाऱ्यासमोर, म्हणजे मालक-कामगारांचा वाद मिटवायला बसणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, वकिलाला उभं राहता येत नव्हतं आणि ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे असे वाद चालवणाऱ्या न्यायाधिकरणात, समोरच्याची संमती आणि ट्रिब्युनलची परवानगी दोन्ही लागायची. तो कायदा जाऊन इंडस्ट्रियल रिलेशन्स कोड आला तरी ही अट तशीच आहे. मालक संमती कशाला देईल? यातून वाट आहे ती पारादीप पोर्ट ट्रस्टच्या केसमधल्या सुप्रीम कोर्टाच्या 1976 च्या निकालाची, वकील खरोखर युनियनचा पदाधिकारी असेल तर त्या नात्याने तो उभा राहू शकतो. तेव्हा ज्या युनियनसोबत काम करणार तिच्याशी आधीच बोला, पद देणार असतील तर रीतसर नेमणुकीचा ठराव करून घ्या आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत बॅगेत ठेवा. तारखेच्या आदल्या रात्री सेक्रेटरी फोन उचलत नाही.