पनीर शाकाहारी खरं, पण हलकं नाही

ताट शाकाहारी असलं की पर्यावरणावरचा भार आपोआप कमी होतो, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. मटणापुढे डाळ-भाजी कितीतरी हलकी, यात वाद नाही. गोची आहे ती पनीरची.

एक किलो पनीरला साधारण पाच-सहा लिटर दूध लागतं. गाय-म्हैस रवंथ करणारं जनावर. तिच्या पोटात मिथेन तयार होतो आणि बहुतेक ढेकरेतून बाहेर पडतो (मागून नव्हे, तो आणखी एक गैरसमज). शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापदायक. म्हणूनच जागतिक सरासरीत किलोला किलो चीज कोंबडीपेक्षा जड भरतं, आणि पनीरही दुधाचंच.

भातही अगदी निर्दोष नाही, पाणी तुंबलेल्या खाचरातून मिथेन निघतोच. उलट मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी रब्बीत जमिनीतल्या ओलीवर येते. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात, त्यामुळे युरियाही कमी लागतो. थोडक्यात पिठलं-भाकरी. हॉटेलच्या मेनूत पनीर बटर मसाल्याच्या बरीच खाली सापडते, सापडलीच तर.