पेशी कोण होणार, हे ठरवते कोण? भ्रूणविज्ञानातील एका प्रश्नाची पार्श्वभूमी

फलित अंडाच्या एकाच पेशीपासून त्वचा, मेंदू, स्नायू असे सारे घडते. या पेशींची वाट त्यांच्या अंगभूत द्रव्यानेच ठरलेली असते, की त्या कोणाच्या शेजारी वाढतात त्यावरून ती ठरते, हा वाद जर्मन भ्रूणविज्ञानात 1880च्या दशकाच्या अखेरीस पेटला. व्हिल्हेल्म रू यांनी 1888 साली बेडकाच्या दोन पेशींच्या भ्रूणातील एक पेशी तापलेल्या सुईने मारली, तेव्हा उरलेल्या पेशीपासून अर्धाच भ्रूण तयार झाला. प्रत्येक विभाजनात आनुवंशिक वारसा पेशींमध्ये वाटला जातो, या आउगुस्ट वाइझमान यांच्या मताला त्यामुळे बळ मिळाले. मात्र 1891 मध्ये हान्स ड्रीश यांनी सागरी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या भ्रूणातील दोन पेशी हलवून वेगळ्या केल्या आणि प्रत्येकीपासून आकाराने लहान, पण संपूर्ण डिंभ (अळीसारखी बालावस्था) मिळाला. रू यांच्या प्रयोगात मेलेली पेशी जिवंत पेशीला चिकटूनच राहिली होती आणि तिच्या त्या सोबतीनेच निष्कर्ष फिरवला होता, हे पुढे स्पष्ट झाले.

या वादाला खरे वळण मिळाले ते जर्मनीतील फ्रायबर्ग शहरात. हान्स श्पेमान यांची विद्यार्थिनी हिल्डे मँगोल्ड हिने फिकट रंगाच्या न्यूटच्या (सॅलमँडरच्या जातीतला एक उभयचर) भ्रूणातून, पेशी जिथून आत वळू लागतात त्या खळगीच्या वरच्या काठाचा एक बारीक तुकडा काढून गडद रंगाच्या न्यूटच्या भ्रूणात पोटाच्या बाजूला बसवला. प्रतिजैविके (अँटिबायोटिक्स) नसलेल्या त्या काळात बहुतेक भ्रूण दगावले. जे मोजके टिकले, त्यांच्या अंगावर दुसरे, जोडलेले भ्रूण उगवले. रंगाच्या फरकामुळे एक गोष्ट निर्विवाद दिसली : नव्या भ्रूणाची तंत्रिका नलिका (जिच्यापासून मेंदू व मज्जारज्जू घडतात) मुख्यतः यजमानाच्याच, म्हणजे तुकडा बसवलेल्या भ्रूणाच्याच पेशींची होती, म्हणजे एरवी पोटाची त्वचा झाली असती अशा पेशींना शेजाऱ्याने वेगळ्या वाटेला लावले होते. त्या तुकड्याला ‘संघटक’ असे नाव मिळाले. शोधनिबंध 1924 साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, मँगोल्ड भाजून मृत्यू पावली. 1935 चे नोबेल पारितोषिक एकट्या श्पेमान यांना मिळाले. या इतिहासात तिचे नाव त्यांच्या बरोबरीने घेतले जावे, असे मला ठामपणे वाटते.

संघटकाचा संदेश कोणत्या रसायनातून जातो, याचा शोध मात्र रेंगाळला, कारण योहानेस होल्टफ्रेटर यांना मृत तुकड्यांनीही तोच परिणाम होतो असे आढळले आणि खरा संदेश कोणता हे ओळखणे अवघड झाले. दरम्यान, जॉन गर्डन यांनी बेडूकमाशाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक अंड्यात घालून त्यापासून प्राणी वाढवला आणि पेशीची वाट ठरली तरी तिचा वारसा शाबूत राहतो, हे 1962 मध्ये दाखवले.

संघटकाचे रसायन अखेर बेडकाच्या भ्रूणात सापडले : 1992 मध्ये नॉगिन व 1994 मध्ये कॉर्डिन. त्यांचे काम अनपेक्षित निघाले. ही प्रथिने ‘तंत्रिका हो’ असा आदेश देत नाहीत. ‘त्वचा हो’ असे सांगणाऱ्या बीएमपी या संकेताला ती अडवतात. फळमाशीतही कॉर्डिनशी नाते सांगणारे जनुक हेच काम करते, फक्त बेडकासारखे पाठीच्या नव्हे, तर पोटाच्या बाजूला, आणि माशीची मुख्य चेतारज्जू असते तीही पोटाकडेच.