एर्तेबोले संस्कृती : मासेमारी व आहार

डेन्मार्कच्या किनाऱ्यावर इ. स. पू. सुमारे ५४०० ते ३९५० या काळात नांदलेली मध्याश्मयुगीन (शेती येण्याआधीच्या, दगडी हत्यारांच्या काळातील) संस्कृती. डेन्मार्कच्या जटलंड द्वीपकल्पातील लिम्फयोर्ड या खाडीकाठच्या एर्तेबोले गावावरून तिला हे नाव पडले. तेथील शिंपल्यांचा ढीग सुमारे १४० मी. लांब, २० मी. रुंद आणि १.९ मी.पर्यंत जाड आहे. असे ढीग समुद्राने लोटले की माणसाने रचले, याचा छडा १८४८ साली नेमलेल्या समितीने लावला. तीत प्राणिशास्त्रज्ञ स्टीनस्ट्रुप, भूवैज्ञानिक फोर्कहामर आणि पुरातत्त्वज्ञ वोर्सो होते. शिंपल्यांतच चुलींची राख, गारगोटीची हत्यारे आणि फोडलेली हाडे निघाली, तेव्हा हे जेवणाचे उकिरडे ठरले.

ढिगांत मुख्यतः कालवांचे (ऑयस्टरचे) शिंपले असल्याने ही माणसे कालवांवरच जगत असावीत असे वाटते. ते खरे नाही. कालवात मांस घासभर. कवच मात्र जाड आणि हजारो वर्षे टिकणारे. एका लाल हरणाइतके अन्न मिळवायला सुमारे ५० हजार कालवे फोडावी लागतील, असा एक हिशेब आहे. माशांचे काटे मात्र माती बारीक चाळणीतून धुतली तरच हाती लागतात. एर्तेबोलेत ते वेचले, तर समुद्राकाठी असूनही गोड्या पाण्यातले मासे आणि वाम यांचेच काटे जास्त निघाले.

मासेमारीचे सर्वांत बोलके पुरावे फ्यून बेटाच्या किनाऱ्याजवळ, आता पाण्याखाली गेलेल्या त्युब्रिंद विग वस्तीत मिळाले. तेथे १९७८ पासून पाणबुड्यांनी उत्खनन केले. चिखलाने लाकूड आणि दोरसुद्धा जपला होता. हाडाच्या एका गळाला वनस्पतीच्या धाग्याची दोरी गाठीसकट चिकटलेली सापडली. लिंडनच्या खोडातून कोरलेल्या साडेनऊ मीटरच्या होडीत मातीची चूल होती; रात्री तिच्या उजेडात वाम टिपत असावेत. मडक्यांच्या जळक्या खरपुडीत कॉड माशाचे खवले आणि काटे आहेत.

हाडांतील कार्बनच्या समस्थानिकांवरून (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून; समुद्री आणि जमिनीवरच्या अन्नात त्यांचे प्रमाण वेगळे असते) संशोधक हेन्रिक टाउबर यांनी १९८१ साली दाखवले, की मध्याश्मयुगातील किनारी लोकांचे अन्न मुख्यतः समुद्राचे होते आणि शेती येताच ते जमिनीचे झाले. तरीही काही उकिरडे वाढतच राहिले. त्यांच्या वरच्या, शेतकऱ्यांच्या थरांत कालवांऐवजी कॉकल जातीच्या लहान शिंपल्या अधिक दिसतात.