पॅरिसची मशीद आणि अल्बानियाचा ‘बेसा’

इस्माइल फेरुखी यांचा ‘लेझोम लिब्र’ हा २०११चा चित्रपट नाझींच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये घडतो. मशिदीत ज्यू लपलेले आहेत, पोलिसांनी खबऱ्या म्हणून पाठवलेला युनुस हळूहळू त्यांचाच होतो. चित्रपटाविषयी बोलताना ‘बेसा’ शब्द हमखास निघतो, आणि तिथेच गफलत होते. बेसा, म्हणजे दिलेला शब्द पाळण्याचा रिवाज, अल्बानियाचा. पॅरिसशी त्याचा संबंध नाही.

पॅरिसची मोठी मशीद १९२६ साली उघडली, पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी मेलेल्या मुस्लिम सैनिकांच्या सन्मानार्थ. तिचे प्रमुख सी कद्दूर बेनगाब्रित मुरलेले मुत्सद्दी होते. जर्मन अधिकाऱ्यांशीही त्यांचं बोलणं-चालणं असे. इथलं हत्यार होतं कागद. उत्तर आफ्रिकेतून आलेल्या ज्यूंची बोली अरबी, नावं मिळतीजुळती, सुंता तर दोन्हीकडे. त्यामुळे ‘हा मुसलमान आहे’ असा मशिदीचा दाखला जीव वाचवू शकत होता. अल्जीरियन ज्यू गायक सलीम हलालींना तो मिळाला. शिवाय बोबिनीच्या मुस्लिम दफनभूमीत एका कबरीवर त्यांच्या घराण्याचं नाव कोरलं गेलं, म्हणजे चौकशी झालीच तर दाखवायला पुरावा. सलीम खरे, युनुस मात्र कल्पित पात्र.

असे किती जण वाचले? १,७३२ हा आकडा सगळीकडे फिरतो, पण तो एकाच माणसाच्या आठवणीतला आहे आणि इतिहासकारांना पटत नाही. सप्टेंबर १९४०च्या एका सरकारी टिपणात मात्र मशिदीचे लोक ज्यूंना खोटे दाखले देत असल्याचा जर्मनांचा संशय स्पष्ट नोंदलेला आहे. मला ती नोंद मोठ्या आकड्यापेक्षा मोलाची वाटते. एक माणूस वाचला तरी ते धाडस धाडसच राहतं. ते फुगवलं, की सलीमच्या खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास उडतो.

अल्बानियात गोष्ट घराघरातली होती. बेसा म्हणजे दिलेला शब्द, आणि दारात आलेल्या पाहुण्याच्या जिवाची जबाबदारी घरधन्यावर. तो धर्माचा हुकूम नव्हता. ख्रिश्चन घरांनीही तो पाळला. खोटे कागद तिथेही निघाले. १९४४ मध्ये जर्मनांनी ज्यूंच्या याद्या मागितल्या, त्या सरकारने दिल्या नाहीत. युद्धापूर्वी देशात जेमतेम २०० ज्यू होते. युद्ध संपलं तेव्हा, बाहेरून आलेल्या निर्वासितांमुळे, त्याहून कितीतरी जास्त. शेजारच्या कोसोवोत मात्र १९४४ मध्ये ज्यूंना पकडून छावण्यांत पाठवलं गेलं, त्यामुळे ‘अल्बानियन’ म्हणून सगळं एका माळेत ओवता येत नाही.

पुराव्यातही फरक आहे. ज्यूंना वाचवणाऱ्यांचा गौरव करणाऱ्या याद वाशेम या इस्रायली संस्थेने सत्तरहून अधिक अल्बानियनांना मान दिला. बेनगाब्रितांना अजून नाही.

त्या यादीतल्या अल्बानियनांत सर्वांत आधी आलं, १९८७ साली, क्रुया गावचं वेसेली कुटुंब. तिरानातल्या फोटो स्टुडिओत काम शिकणाऱ्या तरुण रेफिकने तिथेच काम करणाऱ्या मोशे मांदिलचं कुटुंब डोंगरातल्या आपल्या आई-वडिलांकडे नेलं. मोठी माणसं दिवसा दडून राहायची, मुलं मात्र गावच्या पोरांत खेळायची. युद्ध संपल्यावर मांदिल युगोस्लाव्हियात परतले, पुन्हा स्टुडिओ थाटला आणि रेफिकला बोलावून घेतलं. तो त्यांच्याच घरी राहून उरलेलं काम शिकला.