सीमेपलीकडचा पोलंड : पोलिश-अभ्यास परिषदांची पार्श्वभूमी

पोलंडची भाषा, साहित्य आणि इतिहास यांवर भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय विद्वत्परिषदांमध्ये अलीकडे 'पोलिश-अभ्यास' आणि 'सांस्कृतिक आदानप्रदान' हे दोन विषय जोडीने येतात. यांपैकी दुसऱ्याबद्दल फारसा वाद होत नाही. पहिल्याबद्दल मात्र खुद्द पोलिश अभ्यासकांतच एकमत नाही, आणि त्या मतभेदाचे मूळ त्या देशाच्या सरकत्या सीमांमध्ये आहे. कोल्हापूर परिसराशी परिचय असलेल्या वाचकाला ते मूळ इतरांपेक्षा लवकर सापडेल, कारण त्याची एक फांदी पंचगंगेच्या काठापर्यंत आलेली आहे.

१७९५ ते १९१८ या काळात नकाशावर पोलंड नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला होता. त्यामुळे पोलिश साहित्याच्या अध्यापनातला एक महत्त्वाचा टप्पा परदेशात घडला, यात नवल नाही. पॅरिसमध्ये १८४० साली स्लाव्ह (पोलिश, रशियन आदी भाषांचे कुळ) साहित्याचे अध्यासन निर्माण झाले आणि तेथे पोलिश भाषेचा निर्वासित महाकवी व्याख्याने देऊ लागला. ऑस्ट्रियाच्या अमलाखालील क्राकूफ आणि ल्वुफ (आज युक्रेनमधील ल्विव्ह) येथील विद्यापीठांना पुढे पोलिशमधून शिकवण्याची मोकळीक मिळाली, आणि क्राकूफमध्ये १८९३ साली संस्कृतचे अध्यासनही सुरू झाले. भारतविद्येची ही परंपरा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आदानप्रदान विद्यापीठांच्या बाहेरही चालू होते. वॉर्सात जन्मलेला एक ज्यू अभियंता १९३०च्या दशकात भारतात आला आणि १९३८-३९मध्ये औंध संस्थानात गावपंचायतींच्या हाती सत्ता देणाऱ्या राज्यघटनेच्या घडणीत सहभागी झाला. उतारवयात त्याने मुंबईतील एका सत्पुरुषाचे मराठी संवाद इंग्रजीत आणले आणि त्यांचे पुस्तक १९७३ साली निघाले. त्याच्याच सहकार्याने एका पोलिश विदुषीने १९४४ साली मद्रासमध्ये भारतीय ग्रंथांच्या पोलिश भाषांतरांची माला सुरू केली. पोलिश-मराठी संबंधांचा विचार करताना औंधचा हा धागा सहसा सुटतो, आणि तो सुटू नये.

आता युद्धकाळाकडे वळू. सप्टेंबर १९३९मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंड व्यापला. १० फेब्रुवारी १९४० पासून जून १९४१ पर्यंत पूर्व पोलंडमधील कुटुंबांना चार लाटांमध्ये सायबेरिया, कझाकस्तान आणि उत्तर रशियात हद्दपार करण्यात आले. या हद्दपारांची संख्या पूर्वी दहा लाखांच्या वर सांगितली जाई. सोव्हिएत दप्तरे उघडल्यावर ती सव्वातीन लाखांच्या आसपास आली, तरी वाद पुरता मिटलेला नाही. जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यानंतर जुलै १९४१मध्ये पोलिश-सोव्हिएत करार झाला आणि या लोकांना 'माफी' मिळाली. त्यांनी कोणताही गुन्हा केलेला नव्हता, म्हणून हा शब्द पोलिश लेखनात आजही अवतरणचिन्हांत छापला जातो. १९४२मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून एक लाखाहून अधिक सैनिक आणि नागरिक इराणात उतरले. त्यांतील मुलांसाठी नवानगर (आजचे जामनगर, गुजरात) संस्थानचे राजे जामसाहेब यांनी बालाचडी येथे छावणी उभारली. मोठी वसाहत मात्र १९४३मध्ये कोल्हापूर संस्थानात, वळिवडे येथे वसली आणि तेथे सुमारे ५,००० लोक राहिले.

वळिवडे म्हणजे कौलारू छपरांच्या, एकेका कुटुंबापुरत्या विभागलेल्या लांबच लांब बरॅकींचे गाव होते. तेथे चर्च होते, दवाखाना होता, बालवीरांची पथके होती आणि प्राथमिकपासून माध्यमिकपर्यंतच्या शाळा होत्या. शिक्षणाचे माध्यम पोलिश होते. हद्दपारीत शाळेची वर्षे वाया गेलेली मुले लहानांच्या शेजारी बसून पुन्हा व्याकरण शिकत होती. वर्गाबाहेर उसाचे रान आणि मिरज-कोल्हापूर लोहमार्ग होता, आणि वर्गात व्हिस्तुला नदीवरच्या कविता पाठ होत होत्या. मायदेशात त्याच सुमारास जर्मन अमलाखाली पोलिश विद्यापीठे बंद होती आणि वर्ग चोरून भरत होते. पोलिश भाषा आणि साहित्य उघडपणे, वेळापत्रकानुसार शिकवले जात होते, अशा त्या काळातील मोजक्या ठिकाणांपैकी वळिवडे हे एक होते. पोलिश-अभ्यासाच्या इतिहासात त्याला केवळ निर्वासितांची छावणी म्हणून तळटीप मिळावी, हे मला रास्त वाटत नाही.

जुलै १९४५मध्ये ब्रिटनने लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातील नव्या सरकारला दिली. ज्या सरकारच्या छत्राखाली वळिवडेची वसाहत चालत होती, तेच कागदावरून नाहीसे झाले. परत जाण्याचा मार्ग खुला होता, पण परत जायचे कोठे? यांतील बहुसंख्य कुटुंबे ज्या पूर्वेकडच्या प्रांतांतून आली होती, ते प्रांत सोव्हिएत संघात गेले होते आणि आज ते युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनियात आहेत. माणसे भारतात बसून राहिली आणि त्यांच्या घरांना मागे टाकून सीमा सरकली. थोडे लोक पोलंडला परतले, बहुतेक ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि इतर देशांत पांगले. १९४८पर्यंत वसाहत रिकामी झाली आणि त्याच बरॅकींमध्ये फाळणीनंतर सिंधी कुटुंबे आली. तेच आजचे गांधीनगर.

शब्दाचा गुंता येथूनच उकलावा लागतो. पोलिशमध्ये या विद्याशाखेला 'पोलोनिस्तिका' म्हणतात आणि या शब्दाने मुख्यतः भाषा व साहित्य यांचा अभ्यास सूचित होतो. देशाबाहेर चालणाऱ्या अभ्यासाला 'पोलोनिस्तिका झाग्रानिच्ना' असे नाव रूढ आहे. 'ग्रानित्सा' म्हणजे सीमा आणि 'झा' म्हणजे पलीकडे, म्हणून हा 'सीमेपलीकडचा पोलिश-अभ्यास' ठरतो. वरवर निरुपद्रवी दिसणाऱ्या या विशेषणावर तीन आक्षेप घेता येतात. पहिला असा, की त्यातून मध्यवर्ती अभ्यास देशातला आणि बाहेरचा तो दुय्यम, अशी उतरंड सूचित होते. परदेशात हा विषय स्लाव्ह भाषांच्या किंवा प्रादेशिक अध्ययनाच्या विभागात शिकवला जातो, त्यात इतिहास, स्थलांतर, ज्यू जीवन आणि चित्रपट हे सारे येते, आणि ही व्यापकता उणीव मानण्याचे कारण नाही. दुसरा असा, की 'पोलोनिया' हा शब्द परदेशस्थ पोलिश समाजासाठी वापरला जात असल्याने वंशाने पोलिश असलेल्यांचे शिक्षण आणि परकीयांनी केलेला अभ्यास या दोन गोष्टींची सरमिसळ होते. तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो : सीमा कोणत्या सालची धरायची? ल्वुफ आणि विल्नो (आज लिथुआनियाची राजधानी विल्नियस) ही पोलिश विद्येची जुनी केंद्रे १९४५नंतर एका रात्रीत 'पलीकडची' झाली. सीमाभाग या शब्दाचा अर्थ मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही, म्हणून हा आक्षेप आपल्याला पटकन कळतो. 'पोलिश अध्ययने' असे सैल अनेकवचन वापरावे, असा पर्याय आहे. त्यात भाषाशास्त्राची शिस्त पातळ होते अशी जुन्या पिढीची तक्रार आहे आणि तीही निराधार नाही.

युद्धोत्तर दशकांत या अभ्यासाचे दोन भाग पडले. देशात साम्यवादी राजवटीची सेन्सॉरशिप होती आणि सोव्हिएत हद्दपारीवर मोकळेपणाने लिहिता येत नव्हते. निर्वासितांचा विचार लंडनमध्ये आणि पॅरिसजवळून १९४७ ते २००० पर्यंत निघालेल्या मासिकात जिवंत राहिला. १९८९च्या सत्तांतरानंतर हे दोन प्रवाह एकत्र आले. १९९८मध्ये वॉर्सात परदेशस्थ पोलिश-अभ्यासकांचे पहिले मोठे अधिवेशन भरले आणि पुढची वेगवेगळ्या पोलिश शहरांत होत गेली. २०१६चे कातोवित्से येथे झाले. २००४ साली पोलंड युरोपीय संघात गेला आणि त्याच वर्षी परकीय भाषा म्हणून पोलिशच्या सरकारी प्रमाणपत्र परीक्षा सुरू झाल्या. २०२२नंतर दहा लाखांहून अधिक युक्रेनियन निर्वासितांची पोलंडमध्ये नोंदणी झाली. त्यांच्या मुलांना पोलिश शिकवण्याचे काम देशातल्या साध्या शाळांवर पडले आणि जी अध्यापनपद्धती 'पलीकडच्यां'साठी तयार झाली होती, ती सीमेच्या अलीकडेही लागू लागली.

वळिवडेची आठवणही याच काळात अधिकृत झाली. वसाहतीत वाढलेल्यांच्या लंडनमधील संघटनेने कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ उभारला आणि २००० साली आपला इतिहास पोलिशमध्ये प्रसिद्ध केला. वॉर्सात २०१७मध्ये कोल्हापूरचे स्मारक झाले. २०१९मध्ये वयोवृद्ध माजी रहिवासी पुन्हा कोल्हापुरात आले. ऑगस्ट २०२४मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातील स्मारकावर पुष्पचक्र वाहिले, आणि पोलिश तरुणांना भारतात आणणारा आदानप्रदान कार्यक्रम जामसाहेबांच्या नावे जाहीर झाला.

समारंभ झाले, त्या मानाने अभ्यास झालेला नाही. वळिवडेच्या आठवणी मुख्यतः पोलिशमध्ये लिहिल्या गेल्या आहेत, आणि कोल्हापूरच्या पुरालेखागारातील संस्थानी दप्तर मराठी, मोडी आणि इंग्रजीत आहे. दोन्ही बाजूंचे कागद मुळातून वाचणारे अभ्यासक तयार व्हायचे, तर दिल्लीत विद्यापीठ पातळीवर मिळणारे पोलिशचे शिक्षण कोल्हापुरातही उपलब्ध व्हावे लागेल आणि पोलंडमधील भारतविद्येच्या विद्यार्थ्यांना संस्कृत-हिंदीच्या जोडीला मराठीही शिकावी लागेल.