कुरळे केस वाढतच नाहीत?

अमेरिका-ब्रिटनमध्ये फॉस्टर केअरमधलं (म्हणजे आईवडिलांपासून दूर, तात्पुरतं दुसऱ्या कुटुंबात ठेवलेलं) कृष्णवर्णीय मूल सांभाळणाऱ्यांना एक सल्ला कधीकधी मिळतो: ‘यांचे केस वाढत नाहीत, बारीकच ठेवा.’

वाढतात की! महिन्याला साधारण एक सेंटीमीटर. पण केस स्प्रिंगसारखा वेटोळलेला, म्हणून लांबी दिसत नाही. शिवाय टाळूचं तेल वेटोळ्यांतून टोकापर्यंत पोचत नाही. केस कोरडा पडतो, तसाच विंचरला की तुटतो. वाढ मुळाशी, तूट टोकाशी.

पडताळायचंय? कंडिशनर लावलेली ओली बट हलकेच ताणून बघा, कानाशी असलेली कदाचित खांद्याला टेकेल. किंवा वेण्या घातल्यावर तीन आठवड्यांनी बघा: टाळू आणि वेणीच्या मधे नवा केस दिसतो.

गुंता आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या फणीने, टोकाकडून मुळाकडे सोडवायचा. वेळ लागतो, रविवारची सकाळ त्यातच गेली म्हणून समजा.