एका 'रन'चे ६४५ अर्थ

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या संपादकांनी २०११ साली एका नोंदीचं काम हातावेगळं केलं. नोंद होती 'रन' या क्रियापदाची. पीटर गिलिव्हर या कोशकाराचे त्यात जवळपास नऊ महिने गेले आणि हाती आले ६४५ अर्थ. हे फक्त क्रियापदाचे. 'रन' नाम म्हणून येतो तेव्हाचे अर्थ यात धरलेलेच नाहीत. त्याआधी अनेक वर्षं सर्वांत जास्त अर्थांचा मान 'सेट'कडे होता. याच कोशाच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे ४३०हून जास्त अर्थ दिले होते आणि ती एकटी नोंद सुमारे ६०,००० शब्दांची होती. एका शब्दाची ओळख करून द्यायला एक छोटी कादंबरी खर्ची पडावी, असा हा प्रकार.

हे शब्द विद्वत्तेचे नाहीत, हे इथे लक्षात घेण्यासारखं आहे. अर्थांच्या यादीत वरचे नंबर पटकावणारे बहुतेक शब्द आखूड, जुने आणि रोजच्या तोंडातले असतात. हार्वर्ड विद्यापीठातल्या जॉर्ज किंग्सली झिफ यांनी १९४५ साली शब्दांचा वापर आणि त्यांच्या अर्थांची संख्या यांचा ताळा घालून पाहिला. शब्द जितका वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त, आणि हे नातं साधारण वर्गमुळाचं, असं त्यांना आढळलं. म्हणजे एखादा शब्द दुसऱ्यापेक्षा शंभरपट वापरला जात असेल, तर त्याचे अर्थ ढोबळमानाने दहापट निघतात. झिफ यांच्या मते यामागे बोलणारा आणि ऐकणारा यांची ओढाताण आहे. बोलणाऱ्याला थोड्याच शब्दांत भागवायचं असतं, ऐकणाऱ्याला मात्र प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा शब्द मिळाला तर बरं वाटतं. स्टीव्हन पियान्टाडोसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली हा धागा पुढे नेला. संदर्भातून जे आधीच कळतंय ते शब्दाने पुन्हा सांगायची गरज नसते. मग आखूड आणि उच्चारायला सोपे शब्दच पुन्हा पुन्हा कामाला लावणं दोघांच्याही फायद्याचं ठरतं. इंग्रजी, जर्मन आणि डच या तीनही भाषांत त्यांना तसंच दिसलं.

अर्थात ६४५ हा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. ऑक्सफर्डचा कोश इतिहासाच्या अंगाने रचलेला आहे. कुठल्याही काळी वापरात असलेला, आज पार विसरला गेलेला अर्थही त्यात राहतो, आणि प्रत्येक अर्थाखाली त्याच्या वापराचे नमुने कालक्रमाने लागतात. शिवाय माणूस धावतो आणि घोडा धावतो हे दोन अर्थ धरायचे की एकच? गाडी धावते तो तिसरा का? काही कोशकार असे अर्थ एकत्र बांधतात, काही वेगळे काढतात. प्रिन्स्टन विद्यापीठात तयार झालेल्या 'वर्डनेट' या संगणकीय कोशात 'रन' क्रियापदाचे ४१ अर्थ आहेत. शब्द तोच, भाषा तीच, फक्त कात्री चालवणारे हात वेगळे.

मला आकड्यापेक्षा जास्त कुतूहल वाटतं ते हे अर्थ एकातून एक कसे निघाले याचं. 'रन'चं मूळ जुन्या जर्मॅनिक भाषांत आहे, आणि तिथे त्या धातूत पायांचं धावणं होतं तसं पाण्याचं वाहणंही होतं. आजच्या जर्मनमध्ये या दोन कामांना 'रेनेन' आणि 'रिनेन' अशी दोन जुळ्यासारखी क्रियापदं आहेत. त्यामुळे इंग्रजीत नदी 'रन' होते, नळ 'रन' होतो, सर्दीत नाक 'रन' होतं, तेव्हा त्यामागे कुणा कवीची कल्पना शोधायला नको. वाहण्याचा अर्थ पहिल्यापासून घरातलाच आहे.

दुसरी गोष्ट व्याकरणात घडली, आणि तिचा परिणाम फार मोठा झाला. जुन्या इंग्रजीत स्वतः धावणं आणि दुसऱ्याला धावायला लावणं, म्हणजे घोडा दौडवणं, यांसाठी दोन जवळची पण निराळी क्रियापदं होती. पुढे ती एकमेकांत मिसळली आणि दोन्ही कामं एकट्या 'रन'वर आली. मराठीत 'चालणं' आणि 'चालवणं' यांच्यामध्ये निदान एक 'व' उभा असतो. इंग्रजीत तेवढीही खूण उरली नाही. घोड्याला 'रन' करता येतं म्हटल्यावर यंत्राला का नाही? यंत्राला येतं तर कारखान्याला, दुकानाला, संस्थेला, प्रयोगाला, संगणकातल्या प्रोग्रामला का नाही? यातली प्रत्येक पायरी इतकी लहान आहे की ती चढताना कुणाला आपण नवा अर्थ घडवतोय असं वाटलंही नसेल. वाफेची इंजिनं आणि गिरण्या आल्या तेव्हा या क्रियापदाला काम मिळालं, संगणक आले तेव्हा पुन्हा मिळालं.

हलण्यावरून काम करण्याकडे जाणारी ही वाट काही इंग्रजीने एकटीने पाडलेली नाही. जर्मन माणसाचं यंत्र धावतं. फ्रेंच माणसाचं यंत्र मात्र चालतं, 'मार्श' करतं. मराठीतही घड्याळ चालतं, पंखा चालतो, दुकान चालतं, आणि एखादी गोष्ट मंजूर असेल तर ती 'चालते'. भाषांनी गती वेगवेगळी निवडली, दिशा एकच. निवडणुकीत मात्र दिशाही बदलते. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो, ब्रिटनमध्ये तो 'स्टँड' करतो, आणि मराठीत तो ब्रिटिशांसारखाच उभा राहतो.

कधीकधी अर्थ पुढे जातो आणि मूळ क्रिया मागे गळून पडते. क्रिकेटमधला 'रन' हे याचं लख्ख उदाहरण. फलंदाज दोन टोकांमध्ये खरोखर धावत, आणि अशी एक फेरी म्हणजे एक 'रन'. मग चेंडू सीमेपार गेला की चार रन ठरले, न धावता. आता फलंदाज जागेवर उभा राहून षटकार ठोकतो आणि त्याच्या नावावर सहा धावा लागतात. कुणालाही त्यात विसंगती दिसत नाही, कारण रन हे धावण्याचं नाव राहिलेलं नाही, गुणाचं झालं आहे. बँकेवरच्या 'रन'चंही असंच. बँक बुडणार अशी हूल उठली की ठेवीदार पैसे काढायला खरोखरच धाव घेत, दारात झुंबड उडे. ९ मार्च २०२३ रोजी अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढून घेण्याचे आदेश आले. त्यातले बरेचसे फोन आणि संगणकावरून दिलेले. ठेवीदार जागचे हलले नाहीत, तरी तो बँकेवरचा 'रन'च होता.

एका शब्दाच्या अशा एकमेकांशी नातं असलेल्या अर्थांना फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी १८९७ साली 'पॉलिसेमी' हे नाव दिलं. आपण त्याला अनेकार्थता म्हणू. इतके अर्थ एकमेकांच्या पायात कसे येत नाहीत, हा प्रश्न त्यांनाही पडला होता. त्यांनी उदाहरण घेतलं ते फ्रेंच 'ऑर्डोनान्स'चं, ज्याचा अर्थ राजाचा वटहुकूमही होतो आणि डॉक्टरने लिहून दिलेली औषधाची चिठ्ठीही. रुग्णाच्या खाटेशी डॉक्टर उभे असताना हा शब्द ऐकला तर राजाचा हुकूम मनातही येत नाही, असं त्यांचं म्हणणं. परिसर अर्थ आधीच ठरवून ठेवतो.

ऐकायला हे सरळ वाटतं. ते किती अवघड आहे हे यंत्रांना भाषांतर शिकवायला घेतल्यावर कळलं. येहोशुआ बार-हिलेल यांनी १९६० साली एक छोटीशी गोष्ट पुढे ठेवली. लहानगा जॉन आपली खेळण्यांची पेटी शोधतोय. अखेर ती सापडते. पेटी 'पेन'मध्ये असते. इंग्रजीत 'पेन' म्हणजे लिहायचं पेन आणि बाळाला खेळायला ठेवतात ते कठडेही. माणसाला इथे क्षणभरही अडखळायला होत नाही, कारण खेळण्यांची पेटी लेखणीत मावत नाही हे त्याला ठाऊक असतं. यंत्राला हे जगाचं ज्ञान कोण देणार, असा बार-हिलेल यांचा सवाल होता, आणि त्यावर यंत्राला उत्तर सापडायला अर्धशतक लागलं. संगणकाला शब्दाचा अर्थ आकड्यांत मांडून देणाऱ्या, २०१३च्या सुमाराला गाजलेल्या 'वर्डटूव्हेक' पद्धतीतही प्रत्येक शब्दाला आकड्यांची एकच मालिका मिळे, मग 'रन'चं वाक्य नाकाचं असो की बँकेचं. २०१८ साली आलेल्या 'एल्मो' आणि 'बर्ट' या प्रणालींनी ते बदललं. त्यांत शब्दाचे आकडे दर वाक्यात नव्याने, आजूबाजूच्या शब्दांवरून ठरतात.

आणि माणसाच्या डोक्यात? तिथे ब्रेआल यांचं म्हणणं थोडं दुरुस्त करावं लागतं. डेव्हिड स्विनी यांचा १९७९चा प्रयोग या विषयातला अत्यंत देखणा प्रयोग आहे. त्यांनी लोकांना एक मजकूर ऐकवला: एका सरकारी इमारतीत बरीच वर्षं काही ना काही अडचणी असल्याची बोलवा होती, आणि एका माणसाला आपल्या खोलीच्या कोपऱ्यात कोळी, झुरळं आणि इतर 'बग्ज' सापडले तेव्हा त्याला आश्चर्य वाटलं नाही. 'बग' म्हणजे किडा, तसंच चोरून बोलणं ऐकायला लपवून ठेवलेलं यंत्र. 'बग्ज' कानावर पडताक्षणी समोरच्या पडद्यावर काही अक्षरं उमटत. हा खरा इंग्रजी शब्द आहे की नाही, एवढंच बटण दाबून सांगायचं. कधी 'अँट' म्हणजे मुंगी येई, कधी 'स्पाय' म्हणजे हेर, कधी 'स्यू' म्हणजे शिवणं, ज्याचा कशाशीच संबंध नाही. मनात जो अर्थ जागा असतो त्याच्याशी जुळणारा शब्द लवकर ओळखला जातो, म्हणून कोळी आणि झुरळं येऊन गेल्यावर मुंगी पटकन ओळखली जाणार हे उघड होतं. पण हेरही तितक्याच झटपट ओळखला गेला. म्हणजे संदर्भ इतका स्पष्ट असतानाही दोन्ही अर्थ जागे झाले होते. मग पडद्यावरची अक्षरं थोडी उशिरा, म्हणजे पुढची जेमतेम तीन अक्षरं उच्चारून झाल्यावर दाखवली, तर मुंगीचा फायदा टिकून होता आणि हेर पुसला गेला होता. नको असलेला अर्थ मनात येऊन, आपल्याला पत्ताही न लागता, निघून गेलेला असतो.

मग ज्या शब्दाला अर्थांची एवढी गर्दी चिकटलेली आहे तो मेंदूला जड जात असेल का? जेनिफर रॉड, गॅरेथ गॅस्केल आणि विल्यम मार्स्लेन-विल्सन यांनी २००२ साली याचं उत्तर दिलं, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म तिथे आहे. त्यांनी दोन तऱ्हेचे शब्द वेगळे केले. एक 'बार्क'सारखे, ज्याचे अर्थ झाडाची साल आणि कुत्र्याचं भुंकणं. दोघांचं मूळ निराळं, योगायोगाने रूप एक झालेलं. दुसरे 'ट्विस्ट'सारखे, ज्याचे पिळणं, मुरगळणं, वळण, कथेतली कलाटणी हे सगळे अर्थ एकाच घरातले. पहिल्या तऱ्हेचे शब्द ओळखायला लोकांना जास्त वेळ लागला. दुसऱ्या तऱ्हेचे मात्र, मोजके अर्थ असलेल्या शब्दांपेक्षाही लवकर ओळखले गेले. नातं नसलेले अर्थ एकमेकांना अडवतात, नातं असलेले एकमेकांना हात देतात. 'रन'चे बहुतेक अर्थ दुसऱ्या प्रकारचे, म्हणून त्यांची संख्या शब्दावर ओझं होत नाही.

याचा अर्थ ते सगळे मेंदूत एकाच गाठोड्यात असतात असं मात्र नाही, आणि यावर संशोधकांचं एकमतही नाही. डेव्होरा क्लाइन आणि ग्रेगरी मर्फी यांनी २००१ साली 'पेपर'सारखे शब्द तपासले. आधी वेष्टनाचा कागद आणि लगेच उदारमतवादी वृत्तपत्र, असा अर्थ बदलला की वाचणारे रेंगाळत. कागदानंतर पुन्हा कागदच आला की नाही. वृत्तपत्र कागदातूनच निघालेलं असूनही दोघांच्या जागा बऱ्यापैकी वेगळ्या निघाल्या. मला वाटतं, अर्थ एकमेकांपासून किती दूर सरकलेत यावर हे अवलंबून असावं, आणि 'रन'सारख्या शब्दात दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील: नदीचं आणि नाकाचं 'रन' शेजारी शेजारी, बँकेवरचा 'रन' बराच लांब.

शिवाय ही मांडणी कायमची नसते. रॉड आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं की अनेकार्थी शब्दाचा मागे पडलेला अर्थ एकदा वाक्यात ऐकला, तर सुमारे वीस मिनिटांनंतरही तोच अर्थ आधी सुचण्याची शक्यता वाढलेली असते. २०१६ साली त्यांनी हौसेने नौका वल्हवणाऱ्या लोकांना गाठलं. या खेळात 'कॅच' म्हणजे वल्हं पाण्यात उतरवण्याचा क्षण आणि 'फेदर' म्हणजे वल्ह्याचं पातं आडवं फिरवणं. बाकीच्या जगाला या शब्दांवरून झेल आणि पीस आठवतं. ज्यांची वल्हवण्यात जास्त वर्षं गेली होती त्यांना वल्ह्याचे अर्थ जास्त सुचले. ज्यांनी त्याच दिवशी नौका वल्हवली होती त्यांना त्याहूनही जास्त.